रंगूनहून आलेलं पळणं

आमच्या यांना धड चालता म्हणून येत नव्हतं. बारामतीच्या शाळेत मास्तर, डोक्याला रुमाल, अंगात कोट, बोलणं सगळं मोजूनमापून. पण शाळा सुटली रे सुटली की कोट खुंटीला, रुमाल फडताळात, आणि अर्धी चड्डी घालून गडी कालव्याच्या वाटेला. पळायला! कशासाठी? कशासाठीच नाही. कुत्रं मागं लागलेलं नाही, गाडी चुकत नाही, कुणी बोलावलेलं नाही. मी नवी नवरी, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेजारणी मुद्दाम विचारायच्या, "मास्तर कुटं गं निघालं पळत?" काय सांगणार, कप्पाळ!

हे शिकले रंगूनला. यांचे चुलते तिथं रेल्वेत नोकरीला होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून इंदापुरातून या पुतण्याला त्यांनी लहानपणीच नेलं. रंगून तेव्हा आपल्याच इंग्रज सरकारात. कलकत्त्यापर्यंत आगगाडी आणि पुढं बोट. तिथल्या युनिव्हर्सिटीत हे शिकले म्हणायचं, पण शिकण्याचं यांच्या तोंडून मी कधी काही ऐकलं नाही. सगळं पळण्याचंच. पुढं चुलते वारले आणि हे परत आले ते बारामतीच्या शाळेत लागले. इंदापूरच्या घराला कुलूप घालून आईला, म्हणजे माझ्या आत्याबाईंना, इकडं आणलं आणि वर्षाच्या आत मला.

संध्याकाळी मी भाकरी थापायला बसले की हे चुलीपुढं पाट ओढून बसायचे आणि रंगून सुरू. तिथं तळं होतं, पहाटे त्याच्या कडेनं सगळी पोरं पळायची. बर्मी पोरं लुंगी नेसायची, पण खेळायची वेळ आली की तिचा सोगा पायांतून मागं घेऊन कमरेला खोचायची. "म्हणजे आपला कासोटाच की!" मी म्हणाले, तर स्वारी अशी खूश झाली की दोन दिवस येईल त्याला तेच सांगत होती. वेताच्या विणलेल्या चेंडूचा एक खेळ होता. पोरं गोल उभी राहून तो पायानं, गुडघ्यानं उडवत राहायची, खाली म्हणून पडू द्यायची नाहीत.

"मग हरतं कोण?"

"कुणी नाही."

"आणि जिंकतं?"

"तेही कुणी नाही."

"असला कसला बाई खेळ! रिकामटेकडेच दिसतात सगळे."

यावर हे खो खो हसायचे. शर्यतींच्या दिवशी म्हणे तिथल्या कॉलेजातल्या मुली केसांत फुलं माळून, गालाला झाडाची साल उगाळून लावून, रंगीत छत्र्या घेऊन मैदानाच्या कडेला बसायच्या. हे मुलींचं वर्णन जरा जास्तच बारकाईनं चाललं की माझी भाकरी तव्यावर आपटायची. मग गडी मुकाट शर्यतीकडं वळायचा.

यांचा तिथं एक बर्मी मित्र होता. भातशेती करणाऱ्या घरातला, मैलाच्या शर्यतीत अगदी यांच्या बरोबरीचा. त्याच्याबद्दल बोलायला लागले की यांचा आवाज मऊ व्हायचा. दोघं रोज बरोबर पळायचे, एका पानात जेवायचे. शेवटच्या वर्षीच्या शर्यतीत सगळं मैदान या दोघांकडं डोळे लावून बसलं होतं, इथपर्यंत गोष्ट यायची आणि थांबायची. "मग?" मी विचारलं की, "मग काय, झाली शर्यत," म्हणून उठून जायचे. मी समजले, यांना काहीतरी सलतंय. सोडून दिलं.

माझं माहेर माळेगाव बुद्रुक, बारामतीहून कालव्याच्या कडेनं दोन-अडीच कोस. आबा, म्हणजे माझे वडील, उसाचे बागाईतदार. तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या मारलेला माणूस, गर्दन अजून तशीच. गावात शब्दाला वजन. मास्तर जावई मिळाला म्हणून कोण कौतुक त्यांना!

लग्नाच्या पहिल्याच थंडीत एका पहाटे हे पळत पळत थेट माळेगावच्या वेशीपर्यंत गेले. वेशीच्या दगडाला हात लावला, खिशातलं घड्याळ पाहिलं, आणि आले तसे पळत माघारी! एका शब्दानं कुणाशी बोलले नाहीत. धाप लागलेला माणूस काय बोलणार? पण आमच्याकडं उघड्या डोक्यानं पळत आलेला माणूस म्हणजे मरणाचा सांगावा. दुसरं काही नाही. कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायांनी बघितलं, जावई बोडका, अनवाणी, डोळे वर लागलेले, वेशीला शिवून माघारी वळला. झालं! धुणं तिथंच टाकून बाया ऊर बडवत आबांच्या दारात. "लेक गेली वो तुमची, आबा! जावयाला त्वांडानं सांगवंना, वेशीवरनंच माघारी पळालं!"

आणि मी इकडं बारामतीत तांदूळ निवडत बसलेली. बाहेर रडारड ऐकू आली. मला वाटलं शेजारी कुणाचं तरी काही झालं. पदर सावरून दारात जाते तर आमच्याच दारापुढं दोन बैलगाड्या, आणि माझी आई गाडीतून खाली कोसळायच्या बेतात. मला बघितलं आणि तिची दातखीळच बसली. मागं आबा उभे. हातात हिरवं लुगडं आणि चोळीचा खण. सवाष्ण लेक मेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ते घेऊन आले होते. वाटेत बाजारपेठेत उतरून, दुकान उघडायला लावून.

तेवढ्यात हे विहिरीवरनं अंघोळ करून आले आणि म्हणाले, "अरे वा, आबा! आज सकाळीच?"

हसू येतं आता. तेव्हा नाही आलं. आबांनी ते लुगडं ओट्यावर ठेवलं. म्हणाले, "जावईबापू, माळेगाव ते बारामती माजी लेक मेली हाय म्हणून मी गाडीत बसून आलो. पुन्यांदा माज्या वेशीत पळत पाय टाकायचा न्हाय." पाण्याचा थेंब न घेता गाड्या वळवल्या. आत्याबाईंनी ते लुगडं त्याच दिवशी मागणाऱ्या बाईला देऊन टाकलं आणि माझी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग लेकाकडं वळल्या. "रंगूनची येडी खुळं रंगूनलाच ठिवून यायची हुती!"

यांनी त्या दिवसापासून माळेगावची वाट सोडली, इंदापूरच्या रस्त्यानं पळायला लागले. पण आबांचा राग काही उतरेना. सणाला मला न्यायला मुळाची गाडी आली नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत, पण तेव्हाही कुणी न्यायला आलं नाही. मी कुणाकुणावर चिडू? बापावर, की नवऱ्यावर? दोघांवर चिडून झालं, मग रडून झालं. सासरीच बाळंत झाले, मुलगी झाली.

मुलगी आठ-दहा दिवसांची असेल नसेल, माळेगावचा गाडीवाला सांगत आला की आबा गुऱ्हाळात पडले. अर्धं अंग गेलं, जीभ जड झाली. मी बाळंतिणीच्या खोलीत. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, गाडीत बसायचं तर नावच नको. बाप तिकडं मरणाच्या दारात आणि मी इकडं शेगडीजवळ शेक घेत पडलेली! मी टाहो फोडला. हे उंबऱ्याबाहेर उभे होते. हळूच म्हणाले, "गाडीनं जाऊन यायला रात्र होईल. मी पळत जातो, दिवेलागणीच्या आत तुला खबर आणतो."

"अहो, पण आबांनी..."

"वेशीत नाही पळणार."

शाळा तेव्हा उन्हाळ्याची, सकाळची होती. दुपार कलली की हे निघायचे. रुमाल कमरेला बांधलेला. माळेगावची वेस दिसली की थांबायचे, घाम पुसायचे, रुमाल डोक्याला नीट गुंडाळायचे, आणि शहाण्या जावयासारखे चालत आबांच्या दारात. परत येताना वेशीबाहेर पडले की पुन्हा रुमाल कमरेला. रोज! संध्याकाळी आत्याबाई बाहेरच्या दारात कपाळावर हात धरून कालव्याकडं बघत उभ्या राहायच्या. मी आतून विचारायची, "दिसतात का?"

"पळतुया गं, पळतुया!" त्या ओरडायच्या. पळत येतायत म्हणजे आबा बरे आहेत, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण आम्ही दोघींनी तसंच धरलं होतं. ज्या बाईनं त्या पळण्याला नावं ठेवली, तीच आता पोर अजून पळताना दिसत नाही म्हणून दारातल्या दारात येरझाऱ्या घालायची. हे पळताना दिसले की मगच मी घास खायची.

पहिल्या दिवशी आबांनी तोंड भिंतीकडं केलं म्हणे. दुसऱ्या दिवशीही तेच. यांना तर काय बोलावं सुचेना, म्हणून त्या पाठमोऱ्या माणसाला हे रंगूनच्या शर्यती सांगायला लागले. कासोटा खोचणारी पोरं, धावायच्या आधी गुरूपुढं गुडघे टेकून केलेला नमस्कार, तो वेताचा चेंडू. तिसऱ्या की चौथ्या दिवशी भिंतीकडून आवाज आला, "त्यो बर्मी गडी अंगानं कसा हुता?" त्या संध्याकाळी हे उंबऱ्याबाहेर बसून मला ते सांगताना इतके हसत होते, आणि मी आत बाळाला छातीशी धरून हसत रडत होते. बाप माझा परत आला होता.

मग रोज त्या शेवटच्या शर्यतीचा एकेक तुकडा. आबा वाट बघायचे. माझी आई यांना म्हणायची, दुपारपासनं दाराकडं डोळं लावत्यात. शर्यतीच्या दिवशी काय झालं होतं, ते मलाही तेव्हाच कळलं. यांना चुलत्यांनी खिळ्यांचे पळायचे जोडे घेऊन दिले होते. त्या मित्राकडं जोडे नव्हते. दोघं रेघेवर उभे राहिले आणि यांनी वाकून आपले जोडे काढले, बाजूला ठेवले. इथं आबांनी उजवा हात वर करून यांना थांबवलं. "झ्याक केलंत," ते म्हणाले. "आमी बी कुस्ती धरायच्या आदी समोरच्याच्या अंगाला माती लावतो. घामानं हात निसाटला तर ती कुस्ती न्हवं." बोलायला फार वेळ लागला म्हणे त्यांना.

मी रोज विचारायची, "जिंकलं कोण ते सांगितलंत?" हे मान हलवायचे. "सांगेन. त्यांना बरं वाटू दे जरा."

एका संध्याकाळी आत्याबाई दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "दिसतात का?" मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं, "आत्याबाई, पळतायत ना?"

"चालत येतुया गं प्वार," त्या म्हणाल्या.

हे आले. नेहमीच्या जागी, उंबऱ्याबाहेर बसले. रुमाल कमरेलाच होता, सोडायचा राहिला होता. मी विचारायच्या आत म्हणाले, "शर्यत पुरी सांगितली आज. तो पहिला आला, मी दुसरा. शेवटच्या दोरीपाशी मी पडत होतो, त्यानं धरलं, तेही सांगितलं."

"आबा काय म्हणाले?"

"म्हणाले, दुसरं आलात तर काय झालं? उद्यापास्नं वेशीत थांबू नका, जावईबापू. पार माज्या दारापतूर पळत या. तेवढं बोलून त्यांनी डोळे मिटले, ते मिटलेच." एवढं सांगून हे लहान पोरासारखे रडायला लागले.

बाळंतिणीनं शिवायचं नसतं. मी मुलीला खाली ठेवलं, उंबऱ्यावरून हात बाहेर घातला आणि यांचे धुळीनं भरलेले पाय धरून बसले. आत्याबाईंनी बघितलं, आणि खाली ठेवलेल्या मुलीला उचलून घेतलं.