समोरच्या जागेवरचा थर्मास
परवा बर्मिंगहॅमच्या आमच्या ऑफिसात कुणीतरी शेवंतीच्या फुलांचा चहा केला आणि त्या कडवट-गोड वासासरशी मी थेट चीनमधल्या त्या लायब्ररीत जाऊन पोचलो. पीएचडीसाठी मी तिथे जुने बौद्ध ग्रंथ वाचत होतो. टेबलावर थर्मास ठेवला की जागा आपली, दुसऱ्याने तो हलवायचा नाही, अशी तिथली रीत. माझ्यासमोर एक मुलगी बसायची, असाच चहा पीत. एमएच्या प्रवेशपरीक्षेला ती तिसऱ्यांदा बसणार होती. मी कुठे अडलो की ती ओळ हळूहळू वाचून दाखवायची. "तुझं बरं आहे, तू वाचून घरी जाशील," ती एकदा म्हणाली. "मी या वेळी नापास होऊन कुठल्या तोंडाने जाऊ?" निकाल लागला आणि ती यायची थांबली. नंबर मी घेतलाच नव्हता. रोज समोर बसणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतो? तिचा थर्मास मात्र तिथेच होता. येईल म्हणून रोज सकाळी मी त्यातलं कालचं पाणी ओतून गरम भरायचो. आता इथे त्या ग्रंथांशी कुणाला देणंघेणं नाही, मलाही ती अक्षरं धड लागत नाहीत. चीनमधून निघालो त्या सकाळीही मी तो थर्मास भरून ठेवला होता. ते पाणी कुणी प्यायलं नसणार.