बाजूला काढलेली खीर

आमच्या घरच्या मिलादीत सलामाची पहिली ओळ आपाची आणि दुसरी माझी, हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. आपा थोरली, तिचा गळा मोकळा, म्हणून सुरुवात ती करायची. मी मागून सूर धरायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तिच्याशिवाय सलाम पढायची वेळ आली तर काय, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पडायला हवा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पैगंबरसाहेबांच्या जन्माच्या महिन्यात अम्मी एका दुपारी गल्लीतल्या बायकांना घरी बोलवायची. पुढच्या खोलीत पांढरी चादर अंथरायची, ऊद जाळायची. पैगंबरसाहेबांच्या जन्माच्या, लहानपणाच्या हकिकती ती सांगायची, आम्ही बहिणी नात, म्हणजे त्यांच्या स्तुतीची कवनं, म्हणायचो आणि शेवटी सगळ्या बायका उठून उभ्या राहायच्या आणि उभ्यानं त्यांच्यावर सलाम पढायच्या. मग खिरीवर फातेहा, म्हणजे कुराणातल्या आयती पढून दुवा, आणि मग खीर. लहानपणी आमचं सगळं लक्ष त्या शेवटच्या कलमाकडे असायचं, हे कबूल. घरात आम्ही दखनी बोलतो. इथं मराठी करून लिहितेय, एवढं चालवून घ्या.

आमच्या औरंगाबादेत, तेव्हा शहराचं नाव तेच होतं, या दिवसावरून दोन तट आहेत आणि ते माझ्या जन्माआधीपासूनचे आहेत. एका मशिदीवर महिनाभर हिरव्या पताका आणि दिव्यांच्या माळा. चार गल्ल्या सोडून दुसरी मशीद आहे, तिथं त्या दिवशी एक बल्बसुद्धा जास्तीचा लागत नाही. पहिल्यांचं म्हणणं, ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्या जन्माचा आनंद मानायला परवानगी कुणाची काढायची? दुसऱ्यांचं म्हणणं, त्यांनी स्वतः हा दिवस असा साजरा केला नाही, त्यांच्या सोबत्यांनी केला नाही, मग धर्मात भर घालणारे तुम्ही कोण? मुलगी बघायला आलेले लोक आधी 'तुमच्यात मिलाद होते का' हे विचारतात आणि मग शिक्षणाकडे वळतात. दोन्हीकडची शहाणी माणसं मी पाहिली आहेत, आणि डोकं उठवणारीही दोन्हीकडची पाहिली आहेत. पण हे सगळं बाहेरचं होतं. आमच्या उंबऱ्याच्या आत हा वाद कधी येईल असं मला वाटलं नव्हतं.

तो आपाच्या चपलांबरोबर आत आला. लग्नानंतर ती बायपासपलीकडच्या नव्या वसाहतीत राहायला गेली होती. कालपर्यंत तिथं ज्वारी उभी असायची, आता प्लॉट पडले होते, रस्त्यांचा पत्ता नव्हता, पण बोअरला पाणी होतं. तिथं दर शुक्रवारी बायकांचा धर्माचा वर्ग भरायचा आणि आपा त्यात जायला लागली. नवऱ्यानं तिला फिरवलं, असं गल्लीचं एकमत झालं. साफ चूक. दुल्हाभाई शेंद्र्याच्या कारखान्यात शिफ्टा करून इतके पिचलेले असायचे की त्यांचा सुटीचा दिवस झोपेतच जायचा. आपानं स्वतः वाचलं, स्वतः विचारलं, स्वतः ठरवलं. मला हेच जास्त टोचायचं. नवऱ्यानं केलं असतं तर नवऱ्याच्या नावानं बोटं मोडता आली असती.

मी तोवर वैजापूर तालुक्यात शिक्षिका झाले होते. ते वर्षभर आमची भांडणं फोनवर चालायची. मी म्हणायची, पैगंबरसाहेब सोमवारी रोजा धरायचे, आपण सोमवारी जन्मलो म्हणून धरतो असं सांगायचे, मग जन्मदिवसाची आठवण त्यांनीच ठेवली ना? आपा शांतपणे म्हणायची, "मग तूही सोमवारी रोजा धर. त्यात खीर कुठून आली?" मी फोन ठेवायची. ती आणखी एक सांगायची. आपण आल्यावर लोकांनी उठून उभं राहावं हे त्यांना स्वतःला आवडत नसे, आणि तुम्ही त्यांच्याच नावानं उभ्या राहता. मला तिचं पटत नव्हतं. पण ते पाठ केलेलं बोलणं नव्हतं, ती खरंच तसं मानत होती, हे मला कळत होतं.

त्याच वर्षी पावसानं दगा दिला होता. माझ्या वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती आणि उरलेली शाळेच्या हापशावर हंडे लावून वर्गात येत होती. अम्मीच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. त्यात पालिकेची माणसं येऊन भिंतीवर लाल रेघ मारून गेली. रस्ता रुंद होणार, पुढची खोली जाणार. अम्मी रडली-बिडली नाही. ती मला फोनवर एवढंच म्हणाली, "या खोलीतली ही शेवटची मिलाद. तुम्ही दोघी मिळून सलाम पढा, मग खुशाल पाडू दे." तिनं माझ्याकडे आयुष्यात फार कमी मागितलं होतं. मी लगेच आपाला फोन लावला.

"येणार ना?"

"येणार."

"आणि सलाम पढशील ना? अम्मीचं मन आहे गं."

"हो, पढीन."

मला इतका आनंद झाला की मी शाळेत पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

मिलादीच्या आदल्या दिवशी मी एसटीनं आले. अम्मी ज्येष्ठमधाची काडी चघळत होती. घसा धरलाय, धुळीनं, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली मावशी आली. शेंद्र्याकडची धनगराची बाई, जमीन कारखान्यांत गेलेली, उरलेल्या तुकड्यावर म्हशी बांधून होती. बरीच वर्षं ती मिलादला थांबायची, दाराशी बसायची आणि सगळ्यांबरोबर उठून उभी राहायची. त्या दिवशी तिच्या कॅनमध्ये नेहमीच्या निम्मंसुद्धा दूध नव्हतं.

"म्हशी आटल्यात भाबी. चाराच नाय. पानी घालू नगा म्हनले असते, पर तुमाला घालावंच लागंल."

अम्मीनं मोठ्या पातेल्यात पाणी घातलं. मी तांदूळ निवडत होते, तेवढ्यात ती एक लहान पातेलं ताटलीखाली झाकून जाळीच्या कपाटात ठेवताना मला दिसली. "त्यात काय?" मी विचारलं. "सकाळचं दूध उरलंय," ती म्हणाली. दूध पुरत नाहीये आणि उरतंय कसं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मास्तरीण असून.

दुपारी बायका जमल्या. आपा आली, सोबत तिची मुलगी होती. टेम्पोतून तिनं आपल्या बोअरच्या पाण्याचे दोन ड्रमही आणले होते, म्हणून सगळ्यांना हातपाय-तोंड धुऊन नीट वजू करता आला. बायकांनी तिला तोंडभरून दुवा दिल्या. अम्मीनं हकिकती सांगितल्या. आपा माझ्याशेजारीच बसून मन लावून ऐकत होती, एकदा तर तिनं डोळेही पुसले. मग सलामाची वेळ झाली. आम्ही सगळ्या उठलो.

आपा बसून राहिली.

मला आधी वाटलं ओढणी अडकली. तिची मुलगी आमच्याबरोबर उठत होती, तिचा हात धरून आपानं तिला खाली बसवलं, तेव्हा मला समजलं. पहिली ओळ तिची होती आणि ती येत नव्हती. ती मी उचलावी हे मला सुचलंच नाही. तेवढ्यात दाराशी उभी असलेली मावशी पुढं झाली आणि तिनं आपाच्या काखेत हात घातला.

"ऊठ की बाई. पायाला मुंग्या आल्या व्हय? थांब, मी धरते."

"नको मावशी. मी बसते."

"बसते म्हंजी? समद्या उठल्यात की."

मावशीला वाटत होतं पोरीला उठवत नाहीये. ती आपली काखेत हात घालून ओढतेय आणि आपा मान खाली घालून जड होऊन बसलीय. दोन-तीन बायकांना हसू आवरेना. मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

मग अम्मीनं पहिली ओळ उचलली. चिरकी, पण अचूक. मी दुसरी जोडली. दोन कडवी अशी गेली. तिसऱ्याला अम्मीनं आपाकडे पाहिलं, भिंतीला हात टेकला आणि पढता पढता हळूहळू खाली बसली, आपाला खेटून. बसूनच पुढची ओळ म्हणाली.

घरची मालकीण बसल्यावर बायकांना काय करावं कळेना. काही बसल्या, काही अर्ध्या वाकल्या, काही एकमेकींकडे बघत राहिल्या. मी उभी राहिले. मी उभी म्हणून मावशी उभी राहिली. आम्ही दोघींनी तो सलाम उभ्यानं पुरा केला आणि त्यातल्या एकीला शब्द येत नव्हते. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. आपानं मला फसवलं, अम्मीच्या शेवटच्या मिलादीत, बायकांसमोर, हो म्हणून. यापुढं तिचं तोंड बघायचं नाही, असं मी सलाम पढतापढताच ठरवलं.

फातेहा झाली, खीर वाटली. पांढऱ्या पाण्यात तांदूळ. बायकांनी ती तशीच संपवली, दुष्काळ सगळ्यांच्याच चुलीवर होता. मी आणखी वाट्या आणायला आत गेले तर अम्मी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून जाळीच्या कपाटातलं ते लहान पातेलं एका डब्यात रिकामं करत होती. खीर होती. घट्ट, केशरी साय धरलेली, पाण्याचा थेंब नसलेली खीर. चमच्याला चिकटत होती.

"ही कुणाची?"

अम्मी दचकली. मग म्हणाली, "आपाची. आधीच काढून ठेवली होती. फातेहा दिलेलं ती खात नाही ना."

मी तिथंच उभी राहिले. सकाळची झाकलेली ताटली, ज्येष्ठमधाची काडी, सगळं एकदम माझ्यापुढं आलं. पहिली ओळ आपल्यालाच उचलायची आहे हे अम्मीला आधीपासून माहीत होतं, म्हणून ती गळा तयार करत होती.

"तुला माहीत होतं."

आपा दारात येऊन उभी राहिली होती. तीच बोलली. "मी अम्मीला आधीच सांगितलं होतं. पढणार नाही, उभी राहणार नाही, तरी येऊ का? अम्मी म्हणाली, ये."

"आणि मला? मला 'हो' म्हणालीस ना?"

"अम्मीनं सांगितलं तसं म्हणायला."

मला हसूच आलं. जिला सलामाला उभं राहणं चालत नव्हतं, तिला खोटं बोलणं चाललं. मी तसं तिला तोंडावर म्हटलं. ती लाल झाली, ते तिलाही लागलं होतं.

अम्मी डब्याचं झाकण लावत राहिली. "तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. मग ती आली नसती. या खोलीत मला तुम्ही दोघी एकदा बघायच्या होत्या."

"मग तू खाली का बसलीस?"

"गुडघे दुखत होते."

टँकरच्या रांगेत ही बाई हंडा कमरेवर घेऊन तासभर उभी राहते, हे सगळी गल्ली बघते. मी तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"ती एकटी बसली होती," मग अम्मी खरं बोलली. "चार बायका हसल्या तिला."

"आणि मी एकटी उभी होते ते?"

अम्मीनं माझ्या गालाला हात लावला. तिच्या बोटांना वेलचीचा वास होता. "तुझी काय काळजी, बेटा? तू तर येणारच होतीस. उभीही राहणारच होतीस."

हे ऐकून मला बरं वाटेल अशी तिची अगदी प्रामाणिक समजूत होती. आपावरचा माझा राग वर्षभरात निवळला, कारण तिनं निदान आपलं मानणं तरी आपणहून लपवलं नव्हतं, लपवायला लावलं गेलं होतं. अम्मीचं मात्र आत रुतून बसलं. जी रुसेल, जिचा भरवसा नाही, तिच्यासाठी घट्ट खीर. जी येणारच, तिला पाणी घातलेली, आणि वर खरं सांगायचीही गरज नाही.

खोली पडली. जिथं पांढरी चादर असायची तिथं आता रिक्षा उभ्या असतात. मिलाद मागच्या खोलीत होत राहिली. आपा दरवर्षी यायची, बसून राहायची. अम्मी पहिली ओळ उचलायची, मी दुसरी. लहान पातेलं दरवर्षी जाळीच्या कपाटात जायचं आणि तिघीही त्याबद्दल बोलायचो नाही. पाऊस चांगला झाला त्या वर्षी दोन्ही पातेल्यांतली खीर सारखीच घट्ट होती, तरी माझी नजर आधी लहान पातेल्याकडेच गेली.

अम्मी गेली त्याला आता वर्ष होईल. यंदाची मिलाद माझ्याकडे आहे, वैजापुरात. आपाला मी फोन केला. "येते," म्हणाली. बाकी काही बोलली नाही आणि मीही काही विचारलं नाही. तिची एसटी दुपारपर्यंत येईल. शेजारच्या बायकांना बोलावलंय. पहिली ओळ मलाच उचलावी लागेल, जमेल तशी उचलीन.

दूध भरपूर आलंय. गॅसवर एकच पातेलं चढवलंय आणि बाजूला काहीही काढलेलं नाही. आपाला वेगळी हवी असेल तर फातेहाच्या आधी तिनं ओट्यापाशी यावं आणि मला सांगावं. मी काढून देईन, घट्टच देईन. पण तिनं ते मला सांगावं. मला तेव्हाही एवढंच हवं होतं.