आज जखमी कोण?

मला आगीची भीती वाटते. आगीपासून वाचायला शिकवून पोट भरणाऱ्या बाईनं हे बोलू नये म्हणतात, पण वाटते तर वाटते. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले, नाशिक रोडच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळली, मग विम्याचा सर्व्हे करणाऱ्या एकाकडे नोकरी धरली. जळालेल्या गोदामांचे फोटो काढायचं काम. एकदा एका बंद दाराच्या आतल्या बाजूला हातांचे ठसे दिसले. दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी घरी सांगून टाकलं, मी फायरचा कोर्स करणार. आई म्हणाली, "अगं बाई, तिशी उलटली तुझी, आता शिड्या चढणार का?" चढले. नागपूरला जाऊन पोरांच्या बरोबरीनं पाण्याचे पाइपही ओढले.

पुढे सिन्नरला एका कारखान्यात सुरक्षाप्रमुख झाले. माझा स्वभाव तापट. दर महिन्याला मॉकड्रिल घ्यायचे आणि कुणी हसलं की खाऊ की गिळू करायचे. ड्रिलमध्ये आळीपाळीनं एका बाईनं जखमी व्हायचं. ती टेबलाशेजारी डोळे मिटून पडणार, बाकीच्या बाहेर जाणार, मग स्ट्रेचरवाले तिला आणणार. एकदा एक जखमी मधेच उठून चप्पल शोधायला लागली, तर मी सगळ्यांदेखत ओरडले, "बेशुद्ध माणूस चप्पल शोधतो का? उचलेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही!"

त्या दिवशी ड्रिल अकराला होतं. भोंगा साडेदहालाच झाला. मी तर वाजवला नव्हता. खिडकीतून पाहिलं, पॅकिंगच्या शेडमधून काळा धूर. बायका मात्र गप्पा मारत, ओढण्या सारख्या करत बाहेर येत होत्या. "मॅडमनी आज लवकरच वाजवला गं!"

मी धावत मैदानात गेले, मोजल्या. एक कमी. पुन्हा मोजल्या. एक कमीच.

"अगं, कोण राहिलं आत?" मी किंचाळले.

"मावशी, मॅडम," एक जण सहज म्हणाली. "आज जखमी त्याच हायेत ना."

मावशी म्हणजे आमची सगळ्यात जुनी कामगार, सांगितलेलं तंतोतंत करणारी. तोंडाला ओला रुमाल बांधून मी वाकून आत शिरले. ते दार, ते ठसे डोळ्यांपुढून हलेनात. "मावशी! मावशी!" उत्तर नाही. येणार कसं? बोलायचं नाही, हा माझाच नियम. टेबलं चाचपत गेले तेव्हा पायाला लागल्या. पदर नाकावर, डोळे घट्ट मिटलेले, खोकला दाबून धरलेला.

"उठा, खरी आग आहे!"

रुमालातून माझा आवाज ओळखू आला नसावा. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग मी काखेत हात घालून त्यांना फरफटत बाहेर आणलं.

मोकळ्यावर आल्यावर त्या खूप वेळ खोकल्या. मग डोळे उघडले, मी दिसले, आणि त्यांनी घाईघाईनं हात जोडले.

"मॅडम, मी नाय हलले हो. कुणीतरी ओढलं मला."