बांधावरचा मॅनेजर

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो. नाहीतर शेजारची कुसुमकाकी सांगेल, आणि चांगलं तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा माझी अब्रू मीच घालवलेली बरी!

गाव माझं खर्डीजवळ. शहापूरच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. ज्याला जे उत्तम जमतं त्याने तेच करावं, हे तत्त्व वर्गात इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला. घात झाला तो तिथंच!

आमच्याकडे भातलावणीला सावड असते. पाच घरांनी मिळून एकमेकांची शेतं लावायची. आज त्यांच्याकडे, उद्या आपल्याकडे. आमच्या घरून बाबा जायचे. यंदा त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. आई म्हणाली, "दिनू, या खेपेला तू जा रे."

आता लावणीत माझा हात चालत नाही. मी एक मूठ रोप लावेपर्यंत काकी अर्धं खाचर लावते. मग मला काय जमतं? नियोजन!

पहिल्या दिवशी काकीच्या बांधावर छत्री उघडून उभा राहिलो. मोबाईलवर टायमर लावला. "काकी, दोन मुठी जवळ ठेवा, फेऱ्या वाचतील! काशिनाथदादा, तुम्ही लावू नका, तुम्ही रोप उपटण्यात वाकबगार!"

काकीने वर न बघता विचारलं, "सर, तुमी उतरताय ना?"

"मी उतरलो तर तुमचंच नुकसान, काकी. ज्याला जे जमतं त्यानं तेच करावं."

"असं व्हय? बरं."

चारही घरी हेच केलं. कोणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, पटलं!

पाचवा दिवस आमचा. रोप वाफ्यात राहून राहून पिवळं पडायला लागलेलं. आता नाही लावलं तर वर्षाचा भात गेला. बाबा ओटीवर बसून शेताकडे टक लावून बघत होते.

चारही घरांतली माणसं वेळेवर आली. चार छत्र्या उघडल्या. आणि चौघंही बांधावर ओळीने उभी! काकीने पिशवीतून मोबाईल काढला.

"काकी, हे काय?"

"नियोजन! तुमी आमच्याकडं केलंत, आमी तुमच्याकडं करतो. सावड हाय ना?"

"पण लावणार कोण?"

"तुमी आन् तुमची आई. उतरा सर, टाइम लावलाय!"

उतरलो. करतो काय! दहा मिनिटांत दोनदा चिखलात बसलो. "सर, मुठी जवळ ठेवा, फेऱ्या वाचतील!" काकी ओरडली. काशिनाथदादा म्हणाले, "सर, तुमी लावू नका. तुमी पडन्यात वाकबगार!"

मी पण हसलो असतो हो, पण शेजारी आई निमूट वाकून लावत होती. एवढं शेत आणि ती एकटी. मला खरंच लाज वाटली. "काकी, चुकलो," म्हटलं, "माझं राहू दे, आईसाठी तरी उतरा."

"आता कसा मानसात आलास!" काकीने छत्री मिटली. चौघंही चिखलात उतरली आणि उन्हं कलायच्या आत शेत लावून झालं. बाबांनी ओटीवर पाय पसरले.

सगळे लावत असताना मधेच मीही पुन्हा मदतीला वाकलो होतो, तर काकी किंचाळली, "दिनू, तू नको रे! तुझी सगली रोपं तरंगाया लागली. ज्याला जे जमतं त्यानं तेच करावं. जा, चहा कर!"

पळत जाऊन चहा करून आणला. काकीने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि बाकीच्यांकडे बघून म्हणाली, "ह्ये पन नाय जमत याला."