दारातला सोनबा

“घरी दारात कोण उभं राहणार, हे कंपनीनं ठरवायचं नसतं,” असं ज्योतीराम एकदा म्हणाला होता. म्हणाला कुणाला, तर कॅन्टीनमधल्या चहाच्या मशिनला. शेजारी आम्ही तिघं-चौघं उभे होतो, पण त्याची नजर मशिनवर होती. मशिननं नेहमीसारखा अर्धा कप चहा आणि अर्धा कप फेस दिला.

हे वाक्य समजायला आमच्या चाकणच्या कंपनीच्या गेटवरचा बोर्ड माहीत असायला हवा. उघडं दार, दारात बाई, बाईच्या कडेवर मूल, खाली अक्षरं : ‘जपून काम करा, घरी कुणीतरी तुमची वाट पाहत आहे.’ बाई गोरीपान, साडी नवीकोरी. आम्ही भरती झालो तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांची लग्नं झाली नव्हती आणि उरलेल्यांच्या बायका गावी होत्या. तळवड्यात एका खोलीत पाच जण राहायचे, दोघं कामावर गेले की तिघांना पाय पसरता यायचे. घरी कुणी आपली वाट पाहत असलंच तर ती आपण निघून जाण्याची. पण बोर्ड दरवर्षी सुरक्षा सप्ताहात नव्यानं रंगवला जायचा आणि बाई दरवर्षी थोडी जास्त गोरी व्हायची.

ज्योतीराम लातूरकडचा. पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर होता. अठरा वर्षांपूर्वी त्या प्रेसनं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं घेतली. उजवा हात शाबूत राहिला. बरा होऊन आल्यावर त्याला लाइट ड्युटी दिली, म्हणजे सेफ्टी विभागात बसवून ठेवलं. बसून काय करणार? तो खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढायला लागला. सोपानराव तेव्हा सेफ्टीचे साहेब होते, अजून आहेत. त्यांनी पुठ्ठे पाहिले आणि दर दोन महिन्यांनी निघणाऱ्या सुरक्षा पत्रकात एक पान त्याला देऊन टाकलं. बोटं गेलेल्या माणसानं सुरक्षा सांगितली की लोक ऐकतात, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला नाही.

त्या पानावर हिंदुराव आणि सोनबा जन्मले. चार चौकटी. पहिलीत हिंदुराव घाईत, दुसरीत तो हातमोजे न घालता किंवा मशिनला गार्ड न लावता काहीतरी करायला निघालेला, तिसरीत थोडक्यात वाचलेला. चौथीत घराचं दार. दारात सोनबा, हाफ चड्डी, खांद्यावर पंचा, हाताला पीठ. चौथ्या चौकटीत एकच शब्द असायचा : ‘आलास?’

लोकांनी हे पान उचलून धरलं. बाकीचं पत्रक वडापाव गुंडाळायला जायचं, हे पान लॉकरच्या दारावर चिकटायचं. शिफ्ट बदलताना लोक एकमेकांना ‘आलास?’ म्हणायला लागले. पाच जणांच्या खोलीत राहणाऱ्याला तो सोनबा ओळखीचा होता. गेटवरची बाई कुणाच्याच ओळखीची नव्हती.

ज्योतीरामला तो जास्त ओळखीचा होता. निगडीच्या बस टर्मिनसमागे एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तो आणि प्रीतम राहतात. वीस वर्षं झाली. नवरा-बायको राहतात तसे राहतात. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. मी एकदा त्यांच्याकडे जेवलो आणि मला कळलं. प्रीतम चिपळूणचा, तळवड्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लोखंडी भागांना रंगाचं पावडर कोटिंग करतो, आमटीत कोकम जास्त घालतो आणि त्यावरून बोलणी खातो. बोटं गेली त्या दिवशी दवाखान्यात तोच धावत आला होता. नातं काय, असं खिडकीवर विचारलं तेव्हा तो ‘रूम पार्टनर’ म्हणाला, आणि त्याला बाहेर बाकावर बसवलं. पट्टी बांधलेला हात घेऊन ज्योतीराम घरी आला तेव्हा प्रीतम दारात उभा होता. तेव्हापासून कंपनीची बस वळणावर आली की तो दारात येतो. पावडर कोटिंगची पाळी असेल त्या दिवशी येता येत नाही, मग दार लोटलेलं ठेवून जातो.

म्हणजे चौथी चौकट काढायला ज्योतीरामला काही सुचावं लागत नव्हतं. आणि जगात तेवढी एकच जागा अशी होती जिथं प्रीतम आठशे लोकांसमोर उघडपणे त्याच्या दारात उभा राहायचा, नाव वेगळं असलं तरी. बाकी सगळीकडे तो बाकावर.

वर्षं गेली. पोरांची लग्नं झाली, लोकांनी फ्लॅट घेतले, पण हिंदुराव आणि सोनबा त्याच खोलीत राहिले. सोनबाचं पोट सुटलं. प्रीतमनं त्यावर तक्रार केली. २०१३ मध्ये सोपानरावांच्या लक्षात आलं की हे दोघं अजून बिनलग्नाचे आहेत. कुणीतरी त्यांच्या केबिनमध्ये काहीतरी बोललं असणार. त्यांनी ज्योतीरामला बोलावून हिंदुरावाचं लग्न लावायला सांगितलं. आणि असंही सांगितलं की लोक हसतात, कंपनीचं पत्रक आहे, कुटुंबवत्सल दिसलं पाहिजे.

ज्योतीरामनं लावलं. पुढच्या अंकात दारात बाई होती, डोक्यावर पदर, हातात तांब्या. प्रीतम दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, “बरी आहे हां तुझी बायको. आमटी तिच्याकडूनच घे आता.”

कंपनीत वेगळाच त्रास सुरू झाला. नोटीस बोर्डावर कुणीतरी खडूनं लिहिलं, ‘सोनबा कुठाय?’ पुसलं की दुसऱ्या दिवशी परत. प्रेस शॉपमध्ये, पेंट शॉपच्या भिंतीवर, साहेबांच्या पार्किंगमध्येसुद्धा. ज्योतीरामनं हिंदुरावाच्या बायकोला बाळंतपणाला माहेरी पाठवलं. ती गेली ती परत आलीच नाही, दारात पुन्हा सोनबा आला. सात महिन्यांनी कुणी तिची चौकशीही केली नाही. सोपानरावांनीही विषय सोडला, कारण त्या वर्षी अपघात कमी झाले होते आणि त्यांना बक्षीस मिळालं होतं.

२०१८ च्या सप्टेंबरात कॅन्टीनच्या टीव्हीवर बातमी लागली, की दोन सज्ञान पुरुष राजीखुशीनं एकत्र आले तर तो आता गुन्हा नाही. आमच्या टेबलाला नवनाथ बसला होता. तो चाकणच्या जुन्या घरातला, युनियनचा माणूस, तोंडानं फाटका. म्हणाला, “चला, हिंदुरावाला सांगा कुणीतरी. म्हनावं घाबरू नगंस आता.” सगळे हसले. ज्योतीराम दहीभात कालवत राहिला. मला वाटलं हसण्यात काही वाईट नव्हतं. अजूनही तसंच वाटतं, पण खात्री नाही.

आणि मग यंदा योगिनी आली.

योगिनी एचआरमध्ये, निगडी प्राधिकरणातली, वय सव्वीस-सत्तावीस. कळकळ खरी. त्रास तिथंच होता, कारण खोट्या कळकळीला उत्तर देता येतं. परदेशातल्या मुख्य कंपनीनं कळवलं होतं की जूनमध्ये सर्वसमावेशकतेचा महिना पाळायचा, फोटोसह अहवाल पाठवायचा. योगिनीला पत्रकातलं पान आठवलं. ती ज्योतीरामकडे आली ती हातात तीन परदेशी कॉमिक्स घेऊन. मुखपृष्ठावर घट्ट कपड्यांतले दोन बलदंड पुरुष, मागे पेटलेलं शहर, आणि ते एकमेकांचं चुंबन घेत होते. बाकीच्यांना वाचवायचं असेल तर त्यांनी शहर वाचवावं.

तिनं सांगितलं की कॉमिक्स जगात कुठल्या कुठं गेलीत, पूर्वी अशी पात्रं एक तर विनोदी असायची नाही तर शेवटी मरायची, आता नायक आहेत. ज्योतीरामनं पानं उलटली. त्याला आवडली असावीत, कारण त्यानं हात पुसून उलटली. लहानपणी तो एसटी स्टँडवरच्या दुकानातून भाड्यानं कॉमिक्स आणायचा. जंगलातला नायक आणि त्याचा मित्र सगळी गोष्टभर बरोबर असायचे आणि शेवटच्या पानावर नायकाला राजकन्या मिळायची. तो शेवटचं पान फाडून पुस्तक परत करायचा आणि दुकानदाराच्या शिव्या खायचा. हे त्यानं तिला सांगितलं नाही.

मग तिनं कल्पना लिहिलेला कागद दिला. नवं पात्र निरंजन, डिझाइन विभागात, कानात बाळी, गळ्यात सप्तरंगी पट्टा. हिंदुराव त्याला हसतो. हिंदुरावाची बायको रंभा त्याला समजावते. शेजारी राहणारा सोनबा, तोही बायकोसह येतो. चौथ्या चौकटीत सगळे हातात हात घालून उभे.

ज्योतीरामनं कागद दोनदा वाचला. “म्हणजे हिंदुरावाला शिकवायचं?”

“हो ना, काका. तो टिपिकल वर्कर आहे. तो बदलला की सगळे बदलतील.”

“त्याला बायको कुठून आली?”

“असेलच की. एवढा मोठा माणूस.”

त्यानं ड्रॉवर उघडून नव्या अंकाचं पान तिच्यासमोर ठेवलं. चौथ्या चौकटीत दार, दारात सोनबा. या वेळी सोनबाला चष्मा होता. प्रीतमला मागच्याच महिन्यात लागला होता.

“तुम्हाला पाहिजे ते इथं आहे, मॅडम. अठरा वर्षं आहे.”

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले, आणि दोन मिनिटांत तिनं लॅपटॉप उघडला. हे फार मोठं आहे, आपण हे जाहीर करू, विशेष अंक काढू, केक कापू, मुख्य कंपनीला कळवू, तुम्ही स्टेजवर दोन शब्द बोला. ज्योतीरामनं विचारलं, जाहीर काय करायचं?

“की ते गे आहेत.”

“ते जेवायला बसलेत, मॅडम.”

तिनं ते टिपून घेतलं. तिला ते वाक्य फार सुंदर वाटलं.

दोन दिवसांनी मीटिंग. काचेची खोली, टेबलावर पाण्याच्या एवढ्याशा बाटल्या. योगिनी, सोपानराव, युनियनतर्फे नवनाथ, कोपऱ्यात टिपणं घ्यायला मी, आणि ज्योतीराम, समोर ते पान. पान चारपर्यंत छापायला जायचं होतं. सोपानरावांनी विषय ऐकला आणि त्यांचा चेहरा गॅसगळतीचा अलार्म वाजल्यासारखा झाला. निवृत्तीला सहा महिने राहिले होते. योगिनीनं जगातल्या कंपन्यांची उदाहरणं दिली, सोपानरावांनी चाकणमधल्या कामगारांच्या सासऱ्यांची. ती म्हणाली काळ बदललाय. ते म्हणाले त्यांना मान्य आहे, त्यांचा विरोध कधीच नव्हता.

“नवा आणा ना,” ते म्हणाले. “कानात बाळी घाला, केस रंगवा, मी डोळे मिटून सही करतो. पण हे दोघं आपल्यातले आहेत. त्यांना यात ओढू नका.”

अर्धा तास हे चाललं. ते आहेत की नाहीत, आहेत तर कधीपासून, असतील तर सांगावं का, सांगितलं तर कुठल्या रंगात, आणि नसेल सांगायचं तर सोनबाला पुसावं का. दोन फुटांवर बसलेल्या माणसाला कुणी काही विचारलं नाही. अठरा वर्षांत त्यानं काढलेल्या शंभरेक दारांबद्दल ती मंडळी असं बोलत होती, जसं काही ती दारं बाजारातून आणली होती.

शेवटी नवनाथ वैतागला. “सायेब, लाइनीवर समद्यान्ला म्हाईत हाय. तुमालाच न्हाई. ज्योतीरामभाऊंनी दार काढलंय, दारात मानूस हाय, बास. त्याचा क्येक कशापायी कापायचा? आन तो पुसायचा तरी कशापायी?”

मला वाटलं संपलं. ज्योतीरामनं पहिल्यांदा मान वर केली.

सोपानरावांनी शांतपणे विचारलं, “युनियनतर्फे लेखी देशील? की या दोघांचं नातं असं आहे आणि कामगारांची हरकत नाही?”

नवनाथनं मांडीवरचं हेल्मेट फिरवलं. त्याच्या आतल्या पट्ट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “लेखी म्हंजी... ते कमिटीत बघाया लागंल.”

ज्योतीरामची मान परत खाली गेली.

आणि मग तोडगा निघाला. असे तोडगे मीटिंगमध्येच निघतात, एकटा माणूस इतकं वाईट काही शोधू शकत नाही. तो सोपानरावांना सुचला. दार ठेवायचं. निरंजनचं वेगळं पान करायचं. या पानावर यापुढे दारात कुणीच नको. बाई नको, सोनबा नको. उघडं दार आणि आत दिवा. कुणाच्याच भावना दुखावणार नाहीत. आणि हिंदुराव आपल्या घरी पोचला, हे तर कळतंच.

योगिनी दमली होती. तिनं डोळे चोळले, थोडा विचार केला आणि म्हणाली, “तसं बघितलं तर ते जास्त इन्क्लुझिव्ह आहे. ज्याला जो हवा तो त्यानं तिथं बघावा.” तिला ते पटलं होतं. तिनं ते लिहूनही घेतलं, आणि मलाही लिहायला सांगितलं. मी लिहिलं.

“फक्त तेवढा पुसायचा,” सोपानराव म्हणाले. त्यांनी टेबलावरून खोडरबर ज्योतीरामकडे सरकवलं. “पेन्सिलच आहे ना अजून? दोन मिनिटांचं काम आहे. इथंच करून दे.”

ज्योतीरामनं पानाकडे पाहिलं. चष्मा लावलेला सोनबा, हाताला पीठ, तोंडात तो एक शब्द. मग त्यानं खोडरबर उचललं. सोपानरावांनी मागे टेकून बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं. ज्योतीरामनं खोडरबर परत त्यांच्यासमोर ठेवलं, पेन्सिल खिशाला लावली आणि पान प्लास्टिकच्या फाइलमध्ये सरकवलं, तीन बोटांच्या हातानं, सावकाश, कोपरा दुमडू न देता. तो उठला. कंपनीत शिकवलंय तशी खुर्ची पिवळ्या पट्टीच्या आत ढकलली. चारपर्यंत पाहिजे बरं का, असं सोपानराव त्याच्या पाठीला सांगत होते. घरी नेणाऱ्या साडेतीनच्या बसचा हॉर्न वाजला, आणि आपलं हेल्मेट काखेत घेऊन, फाइल छातीशी धरून, ज्योतीराम काचेच्या दारातून बाहेर गेला.