ते नाव काढून टाक

सरांनी आधी आपलं बोट पुसलं. मग कीबोर्ड.

रविवारची सकाळ होती. सीवूड्सच्या एका सोसायटीतला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. मी हॉलमध्ये सोफ्याच्या बाजूला उभी होते, कारण बस असं कोणी म्हणालं नव्हतं. काचेच्या टेबलावर माझा लॅपटॉप. तो सरांनी स्वतःच चालू केला होता, स्वतःच्या बोटाने. तेव्हा काही झालं नव्हतं. मग स्क्रीन उजळली आणि त्यावर माझं नाव आलं. पूर्ण नाव. माझं, बापाचं, आडनाव. सरांनी ते मोठ्याने वाचलं. आडनावाशी थांबले. पुन्हा वाचलं, या वेळी नुसते ओठ हलले. मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "अगं, ओला टिश्यू आण जरा."

मॅडमनी पाकीट आणलं. सरांनी बोट पुसलं, पार नखाच्या कडेपर्यंत. मग ज्या बटणाला बोट लावलं होतं ते पुसलं. मग सगळा कीबोर्ड. वापरलेला टिश्यू त्यांनी आईसमोर धरला.

"टाक हा."

आई किचनच्या दारात होती. हाताला कणीक. तिने तो घेतला.

त्या घरात आई दोन-तीन वर्षं काम करत होती. आधी झाडू, लादी, भांडी. नंतर मॅडमचा हात दुखायला लागला तशा पोळ्याही. पोळ्या सांगायच्या आधी मॅडमनी विचारलं होतं, "गाव कुठलं गं तुमचं?" आई म्हणाली, जालन्याकडचं. "नाही, म्हणजे घरात देवाचा नैवेद्य असतो, म्हणून विचारते." आई म्हणाली, आमी पण सगळं पाळतो. एवढंच. ना खोटं, ना खरं. मॅडमनी पुढे विचारलं नाही, आईने सांगितलं नाही. सोसायटीच्या गेटच्या अ‍ॅपवर आईचा फोटो होता आणि खाली नाव होतं, सुमन. आडनावाची जागा रिकामी. बायांची आडनावं कोण भरतंय.

आम्ही राहतो शिरवण्यात. गावातल्या एका आगरी मालकाच्या चाळीत, भाड्याची खोली. बाबा तुर्भ्याच्या खाणीवर होते, मी लहान असताना गेले. लॅपटॉपचं हे झालं तेव्हा मी कॉम्प्युटरच्या डिग्रीला होते, शेवटच्या वर्षाला. आणि माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये जागा मिळाली तर हात लागायचा. ज्यांच्याकडे लॅपटॉप होते ते घरी प्रोजेक्ट करायचे आणि लॅबमध्ये येऊन गप्पा मारायचे. मी त्यांच्या उठायची वाट बघत मागे उभी असायचे.

एक दिवस मॅडमनी आईला मुलाचा जुना लॅपटॉप दिला. मुलाला नवीन घेतला, हा नाहीतरी भंगारातच जाणार, ने तुझ्या मुलीला. आतलं काही असेल तर पुसून टाक म्हणावं. त्या सोसायटीतून कामवाल्या बाईला काहीही बाहेर न्यायचं तर फ्लॅटवाल्यांनी अ‍ॅपवर पास द्यावा लागतो. जुनी चादर असो की उरलेलं श्रीखंड. मॅडमनी पास दिला. आई साडीच्या दुकानाच्या पिशवीतून तो घेऊन आली.

चालू केला तर विंडोज उघडेपर्यंत भात शिजायचा. उघडलं की अडकायचं. माऊस फिरवला तर बाण मागून यायचा, दमल्यासारखा. बॅटरी तर मेलेलीच होती. वायर निघाली की मशीन खलास.

वर्गातल्या नसीमाने मार्ग काढला. ती उरणकडची. तिचे अब्बा न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे कारकून. ती म्हणाली, विंडोजच्या जागी लिनक्स टाक, जुन्या मशीनला तेच झेपतं, आणि फुकट आहे. पेन ड्राइव्हवर तिने दोन प्रकार भरून दिले. पहिला दिसायला झकपक होता. खिडक्या हळूच उघडायच्या, आयकॉन उड्या मारायचे, आणि पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. तो काढला. दुसरा साधा. खाली एक करडी पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, बस. तो उघडला आणि उघडाच राहिला. मला तोच हवा होता. मला नटलेलं मशीन नको होतं, चालणारं हवं होतं.

टाकताना त्याने स्क्रीनवर विचारलं, तुमचं नाव काय?

कॉलेजात मी नुसतं पहिलं नाव सांगायचे. ते कोणी शिकवलं नव्हतं. आईकडे बघून आपोआप आलं होतं. पण खोलीत कोणी नव्हतं. समोर एक मशीन, ते सरळ विचारत होतं. मी पूर्ण नाव टाकलं. आडनावासकट. अक्षरं बघत थोडा वेळ बसले. मग पुढे गेले.

वायफाय दिसेना. यादीत आमचं कार्डच नाही. मोबाइल केबलने जोडून नेट घेतलं, आतल्या चिपचं नाव शोधलं, कोणाकोणाचे सल्ले वाचले. एक ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, टाकला, तो चुकीचा. दुसरा टाकला, तर मशीन सुरूच होईना. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी लागलं. वायफायची पट्टी भरलेली दिसली तेव्हा मी एकटीच हसले. आवाज मात्र फक्त इअरफोनमधून यायचा. स्पीकर आजतागायत गप्प आहे. असू दे. माझा प्रोजेक्ट त्यावर उभा राहायला लागला होता.

आणि मग मॅडमच्या मुलाचा नवा लॅपटॉप बिघडला. रिपेरीला गेला. त्याची परीक्षा तोंडावर. मॅडम कामाच्या गडबडीत आईजवळ बोलून गेल्या आणि आई बोलून बसली, तुमी दिलेला तो मस्त चालतोय की, माझ्या पोरीने चालवलाय. अभिमानाने बोलली ती. मॅडम म्हणाल्या, मग आण ना चार दिवस.

मी नको म्हणत होते. प्रोजेक्ट त्यात आहे म्हटलं. आई म्हणाली, त्यांनीच दिलेला हाय, चार दिसांत काय झिजतंय. मग मी मनात ठरवलं, मुलासाठी वेगळं खातं करून द्यायचं. त्याचं त्याला, माझं मला. मिनिटाचं काम. तेवढं करून देऊ म्हणून गेले होते.

टिश्यूने पुसून झाल्यावर सर म्हणाले, "यात काय घातलंयस तू? विंडोज कुठे गेलं?"

चालत नव्हतं, लिनक्स टाकलंय, मी सांगितलं.

"म्हणजे ते हॅकिंगवालं."

मी नाही म्हटलं. लिहायचं, नेट, व्हिडिओ, सगळं होतं म्हटलं. दाखवायला पुढे झाले तर त्यांनी तळहात वर केला. लांबूनच. आमचा डेटा होता यात, तो काढलास की ठेवलास, कोणाला दिलास, असं विचारत राहिले. मॅडमनीच पुसायला सांगितलं होतं, मी म्हटलं. मॅडम गालिच्याकडे बघत होत्या.

मग सर आईकडे वळले. "सुमन, तू आम्हाला हे सांगितलं नव्हतंस."

आई हाताची कणीक सोडवत राहिली. मॅडमच बोलल्या, हळू आवाजात, "अहो, नैवेद्याच्या पोळ्या पण हिच्याच..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

मला आठवतं, किचनमध्ये तवा तापलेला होता. त्याचा वास येत होता. पोळी टाकायला कोणी हललं नाही.

सर म्हणाले, हे सगळं काढ, आधी होतं तसं करून आण. आणि स्क्रीनकडे बोट केलं, न टेकवता.

"आणि ते नाव काढून टाक."

मी विचारलं, कुठलं नाव.

"ते काय लिहिलंयस ते. आमच्या मुलाला वापरायचंय. रोज उघडलं की ते दिसायला नको."

दिसायला नको. आईच्या पोळ्या चालल्या होत्या. आईने पुसलेल्या लादीवर त्यांचं पोर लोळत होतं. ते सगळं चाललं, कारण नाव दिसत नव्हतं. आता दिसलं.

आई म्हणाली, "काढ की गं. नावच तर हाय. घरी गेलीस की परत टाक."

तिचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. एकदम बारीक. मला सरांचा राग आला होताच, पण तो आवाज ऐकून मी आईकडे वळले. एवढी वर्षं ती या आवाजात बोलत असणार. रोज. या दारात उभी राहून. आणि घरी येऊन मला सांगायची, लई चांगली माणसं हायेत.

मी म्हटलं, "नाही काढणार."

सर म्हणाले, वस्तू आमची आहे. मी म्हटलं, दिली होती ना. ते म्हणाले, वापरायला दिली होती. मी वायर ओढली. स्क्रीन काळी झाली. लॅपटॉप पिशवीत घातला, चपला घातल्या आणि निघाले. आईला चल म्हटलं. ती आली नाही. ती ओट्याकडे वळली आणि गॅस बंद केला.

गेटवर वॉचमनने अडवलं. वरून फोन आला होता. "ताई, पास नाही. सामान सोडायचं नाही सांगितलंय." त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण त्याने पिशवीला हात घातला तो घातलाच. रविवार, त्यामुळे गेटवर वर्दळ. लोक भाजी घेऊन येत होते. गाड्या थांबत होत्या, काचा खाली होत होत्या. काय झालं? चोरी? कोणाकडची बाई आहे? मी हे सगळं ऐकत होते.

सोसायटीचे सेक्रेटरी आले, वॉक करून आलेले, हाफ पँट. कुठून घेतला, त्यांनी विचारलं. दिलाय, मी म्हटलं. पुरावा काय? मी लॅपटॉप उघडला. उघडून काय उपयोग. बॅटरी मेलेली. काळी काच आणि काचेत माझंच तोंड. दाखवायला स्क्रीनवर काही नव्हतं.

मग तोंडाने सांगितलं. पूर्ण नाव. माझं, बापाचं, आडनाव. बाहेर, लोकांत, एवढ्या मोठ्याने आयुष्यात पहिल्यांदा. माझा आवाज फाटला. वॉचमनने मान वर करून बघितलं. भाजीवाल्या पिशव्या थांबल्या.

"आता पोलिसांना बोलवा," मी सेक्रेटरींना म्हटलं. "मी इथेच बसते. ते आले की हेही लिहून घेतील, माझं नाव वाचल्यावर वर टिश्यू का मागवला."

आणि गेटच्या कडेला झाडांच्या कठड्यावर बसले. लॅपटॉप मांडीवर घेतला.

सेक्रेटरी बाजूला जाऊन फोनवर बोलले. बराच वेळ. "केस-बिस नको आपल्याला" एवढं ऐकू आलं. थोड्या वेळाने वॉचमनचा मोबाइल वाजला. पास आला होता. त्याने तो मला दाखवला, मुद्दाम दाखवला की सहज, माहीत नाही. वस्तूच्या पुढे लिहिलं होतं, भंगार.

मी बाहेर पडले. जिंकल्यासारखं काहीही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई कामाला गेली आणि परत आली. गेटवर तिचा नंबर टाकला की लाल दाखवत होतं. त्या एका घरासाठी नाही, सगळ्या सोसायटीसाठी. तिथे तिची कामाची आणखी घरं होती. त्या बायकांशी तिचं काही वाकडं नव्हतं. कारण विचारलं तर वॉचमन म्हणाला, मावशी, ब्लॉक दाखवतंय, कारण येत नाही.

घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "तुझं नाव राह्यलं. माझं काम गेलं."

कितीतरी दिवस ती माझ्याशी जेवण वाढण्यापुरतं बोलली. मी माफी मागितली नाही. मागावी असं एकदा वाटलं, पण कशाची? मग ती माफीही त्यांच्याच बाजूने मोजली गेली असती.

प्रोजेक्ट पुरा झाला. डिग्री झाली. आता मी महापेला एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. आई एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. तिथेही नुसती सुमन. मी म्हटलं, पूर्ण नाव दे. ती म्हणाली, "तू दे. तुला शिक्षण हाय. मला पोट हाय." मी तिच्या कॅन्टीनकडे जात नाही. तिनेच येऊ नको सांगितलंय. हे मला आत सतत टोचतं. बसल्या जागी बसवत नाही.

शिरवण्यात विचारत गेले तर अशा बाया निघाल्या. एकीने गावी जायला सुट्टी मागितली, परत आली तर लाल. एकीवर अंगठीचा आळ होता. अंगठी नंतर वॉशिंग मशीनमागे सापडली. तिचं लाल तसंच राहिलं. कोणालाच कारण कळलेलं नाही. मोबाइलवर कोणीतरी एक बटण दाबतं आणि बाईचं काम संपतं. विचारायचं कोणाला? वॉचमनला? तो म्हणतो, दाखवतंय.

गेल्या रविवारी मी अर्ज लिहिला, मराठीत. आमच्या विहारातल्या वाचनालयाचा प्रिंटर लिनक्सला ओळखेना. आधी कोरे कागद, मग कागदभर चिन्हं. त्या मॉडेलचा ड्रायव्हरच मिळत नाही. शेवटी त्याच्या जवळच्या दुसऱ्या मॉडेलचा लावला आणि अक्षरं सरळ उमटली. बायांनी सह्या केल्या. एकीने अंगठा. आईचं नाव त्यात नाही. तिने नको सांगितलं, म्हणून घातलं नाही. ते तिने ठरवायचं.

सोमवारी लेबर ऑफिसला जायचंय. अर्जात एकच प्रश्न आहे, कारण न सांगता, ऐकून न घेता, बाईचं काम तोडायचा अधिकार या लोकांना कोणी दिला? ते बघू म्हणतील. सोसायटीची खासगी बाब आहे म्हणतील. साहेब जागेवर नाहीत म्हणतील. म्हणू देत. मी सुट्टी टाकली आहे. उत्तर लेखी घेणार. तोंडी घेणार नाही. आणि ते मिळेपर्यंत तिथून हलणार नाही.