गाण्याचा मी सांगितलेला अर्थ

नवरा गेल्यावर अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या जर्मन बाईंनी मला दोन गोष्टी विचारल्या. अस्थी कुठे ठेवायच्या आणि संगीत कोणतं लावायचं. इथे जर्मनीत अस्थी घरी ठेवता येत नाहीत. मी घराजवळच्या दफनभूमीत, एका बर्चच्या झाडाखालची जागा पाहून आले होते. मला अधूनमधून बसने जाऊन तिथे बसता आलं असतं. दहनाआधी तिथल्या लहान सभागृहात लोक काळ्या कपड्यांत बसतात आणि गेलेल्या माणसाची आवडती गाणी वाजतात, ही इथली रीत. मी एकच गाणं सांगितलं.

साठच्या दशकातलं इंग्रजी, सायकेडेलिक म्हणतात तसलं. रेगेन्सबर्गला आल्यावर त्याला या गाण्यांचं वेड लागलं. दिवसभर कारखान्यात गाड्यांच्या आवाजाच्या चाचण्या घ्यायच्या आणि घरी आलं की हेडफोन लावून डोळे मिटायचे. मी मराठीची एम. ए. शब्द कळल्याशिवाय मला गाणं कळत नाही. अर्थ विचारला की म्हणायचा, "परीक्षा आहे का तुझी? ऐक की नुसतं."

मग मी एकटीच गाण्यांचे शब्द वाचत बसायचे. या गाण्यांचा अर्थ म्हणून लोक बहुधा एकच सांगतात, नशा. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण नीट पाहिलं तर त्यांत लहानपणच्या खोल्या फार असतात, दुपारची उन्हं, दुरावलेले मित्र. मोठं होताना काहीतरी मागे राहिलं आणि तिथवरचा रस्ता मोडला, असं काहीसं. जग वितळताना दिसतं ते त्यामुळे, असं मला वाटायचं. त्याला काय वाटायचं, ते त्याने सांगितलं नाही.

विधीच्या आदल्या दिवशी सासरे पुण्याहून आले. ते भजनी मंडळात गातात. जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी विचारलं, "उद्या काय लावणार आहेस?" मी गाणं लावलं. गिटार सुरू झाली तशा त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अगं, मांजर अडकलंय का त्यात?"

"त्याचं आवडतं आहे, बाबा."

"असेल. अर्थ सांग. ओळीओळीने."

मी सांगत गेले. भिंती श्वास घेतायत. चढता चढता जिन्याचं पाणी होतंय. आई हाक मारतेय, तिचा आवाज रंगासारखा पसरतोय. इंग्रजीत जे धुक्यासारखं वाटायचं, ते मराठीत टेबलावर ठेवलेल्या भांड्यांसारखं दिसायला लागलं.

"ताप होता का लिहिणाऱ्याला?"

"लोक म्हणतात, नशा."

"म्हणजे माझ्या मुलाला दारुड्याच्या गाण्यावर पोचवायचं? छान!"

मी घाईने म्हटलं, "बाबा, भारुडातही सगळं उलटंपालटं असतंच ना? वरून वेड्याचं बोलणं, आत वेगळंच."

"भारुडाच्या आत काय आहे ते मी सांगू शकतो. तू याच्या आतलं सांग."

गाणं वाचवायचं म्हणून मी माझा अर्थ पुढे केला. म्हटलं, "ज्याला घरी परत जाता येत नाही, त्याचं गाणं आहे हे."

 सासरे हळू आवाजात म्हणाले, "त्यानं सांगितलं असं?"

"नाही. मला वाटतं."

"त्याला यायचं होतं का गं घरी?"

मला माहीत नव्हतं. दिवाळीत तो तिकिटं पाहायचा आणि रजा नाही म्हणून सोडून द्यायचा. बाल्कनीत टोमॅटो लावायचा. यातलं काय कशाच्या बाजूने धरायचं? मी गप्प राहिले, आणि त्यांनी तो होकार धरला.

"लाव हेच गाणं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात ते पूर्ण वाजलं. त्याचे सहकारी मांडीवर हात ठेवून बसले होते. एकाचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. सासऱ्यांनी मान खाली घातली होती, प्रत्येक ओळ ते माझ्या मराठीतून ऐकत असावेत. गाणं संपल्यावर ते उठले, शवपेटीवर तुळशीचं पान ठेवलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चल बाळा, घरी."

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "अस्थी पुण्याला न्यायला कागद काय काय लागतात, विचारतेस का त्या बाईंना?" त्यांना जर्मन येत नाही. मीच विचारलं. बाईंनी नीट समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "मग झाडाखालची जागा नको ना?"

सासरे माझ्याकडे पाहत होते. गाण्याचा तो अर्थ फक्त माझा अंदाज होता, असं मला सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "नको."